गोचिडीची तहान

गोचीड पाणी पीत नाही. तिच्या नावावर बदनामी रक्ताची आहे, पण रक्ताचं जेवण तिला आयुष्यात मोजून तीनदाच लागतं. अंड्यातून निघालेल्या सहापायी पिल्लाला एकदा, त्यानंतरच्या आठपायी अर्धवट वाढीच्या अवस्थेत एकदा (या अवस्थेला शास्त्रज्ञ निम्फ म्हणतात) आणि प्रौढ झाल्यावर एकदा. जंगलातल्या बहुतेक गोचिडींचा क्रम हाच. प्रत्येक वेळी नवं जनावर गाठायचं, काही दिवस चिकटून राहायचं, टम्म फुगायचं आणि गळून पडायचं. तिसऱ्या जेवणानंतर मादी हजारांच्या घरात अंडी घालते आणि मरते. म्हणजे दोन-तीन वर्षांच्या आयुष्यातले जेमतेम काही आठवडे ती कुणाच्या तरी अंगावर असते. उरलेला सगळा काळ पाचोळ्यात, गवताच्या बुडाशी, उपाशी.

या उपासात ती भुकेने सहसा मरत नाही. मरते ती कोरड पडून. अंगातली ओल टिकवण्यासाठी तिच्याकडे एकच युक्ती आहे. ती तोंडावाटे एक खारट लाळ बाहेर सोडते, ती लाळ हवेतली वाफ टिपते आणि मग गोचीड तीच लाळ परत गिळते. मात्र त्यासाठी भोवतालच्या हवेत साधारण ८० ते ८५ टक्के आर्द्रता लागते. भर दुपारी गवताच्या शेंड्यावर एवढी ओल मिळत नाही, पाचोळ्याच्या खालच्या थरात मिळते. म्हणून तिची सतत वर-खाली ये-जा चालते. पात्यावर चढायचं, पुढचे दोन पाय पसरून वाट पाहायची, अंग सुकू लागलं की खाली उतरून पाचोळ्यात भिजायचं आणि पुन्हा चढायचं. तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही आणि ती झाडावरून डोक्यावर टपकतही नाही. पुढच्या पायांवरच्या एका सूक्ष्म खळगीत तिचं सगळं ज्ञान साठलेलं असतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, हवेतली ओल तिला त्यातून कळते. या खळगीला हॅलरचं इंद्रिय म्हणतात.

पृथ्वी तापते आहे आणि त्याबरोबर गोचिडींमुळे होणारे आजार पसरताहेत, असं आता वरचेवर वाचायला मिळतं. विधान खोटं नाही, पण अर्धं आहे. उष्णता गोचिडीला एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने घेते. अंड्यातून पिल्लू बाहेर येणं, पिल्लाने कात टाकून निम्फ होणं, हे सगळं उबेवर चालतं. ऊब जास्त तर वाढ लवकर. पण तीच ऊब कोरडी असेल तर पाचोळा सुकतो आणि गोचीड वाट पाहता पाहता मरते. त्यामुळे एकच अंश तापमान वाढलं तरी कॅनडात त्याचा परिणाम एक होतो, दक्षिण फ्रान्समध्ये दुसरा आणि आपल्या सह्याद्रीत तिसरा.

उत्तरेकडे ही गोष्ट सर्वात स्पष्ट दिसते. लाइम हा आजार ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते गाव अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात आहे. १९७० च्या दशकात तिथली मुलं सांधे सुजून लंगडू लागली. पॉली मरे नावाच्या एका आईने शेजारपाजारच्या आजारांची नोंद ठेवली आणि आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला. १९७५ मध्ये येल विद्यापीठाचे डॉ. अॅलन स्टीअर यांनी तपास सुरू केला. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात मळसूत्राच्या आकाराचे जिवाणू सापडले आणि १९८२ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. आज अमेरिकेत वर्षाला सुमारे पावणेपाच लाख लोकांवर या आजाराचे उपचार होतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

मात्र अमेरिकेत या आजाराची पहिली मुसंडी उष्णतेची नव्हती. ईशान्येकडची शेती पडीक पडली, तिथे पुन्हा जंगल आलं, शिकारीने संपत आलेली हरणं परतली आणि त्याच झाडीत लोकांनी अंगण-परसाची घरं बांधली. प्रौढ गोचिडीला हरीण मिळालं, पिल्लाला पांढऱ्या पायांचा उंदीर मिळाला (जिवाणू त्याच्याच रक्तातून येतो) आणि निम्फला माणूस. न्यूयॉर्क राज्यात संशोधन करणाऱ्या रिचर्ड ऑस्टफेल्ड यांनी तर ओकच्या झाडांपर्यंत माग काढला. ज्या वर्षी ओकची फळं अमाप पडतात, त्याच्या पुढच्या वर्षी उंदीर वाढतात आणि त्याच्याही पुढच्या वर्षी जिवाणू बाळगणाऱ्या निम्फ.

सीमा ओलांडून कॅनडात गेलं की तापमानाचा हात उघड दिसतो. १९७० च्या दशकात लाइम पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीचं कॅनडातलं एकच पक्कं ठाणं माहीत होतं. ईरी सरोवरात शिरलेली लाँग पॉइंट नावाची वाळूची एक जीभ. बाकी देशात गोचिडी पोहोचत नव्हत्या असं नाही. निक ऑग्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की दर वसंतात दक्षिणेकडून येणारे पक्षी किमान पाच कोटी गोचिडी कॅनडात आणून टाकतात. बी दरवर्षी पडत होतं, पण रुजत नव्हतं. ते का, याचं उत्तर हिवाळ्यात शोधलं जातं आणि तिथेच चूक होते. बर्फाच्या जाड थराखाली पाचोळ्यात गोचीड बऱ्यापैकी सुरक्षित असते. तिला नडत होता तो तोकडा उन्हाळा. पुरेशी ऊब न मिळाल्याने कात टाकायला उशीर, मग पुढचा हिवाळा, मग पुन्हा उपास. दोन वर्षांचं आयुष्य तीन-चार वर्षांवर लांबतं आणि तेवढ्या काळात बहुतेक गोचिडी जेवण न मिळताच संपतात. उन्हाळा लांबला, तशी ही अट सैल झाली. कॅनडाने २००९ मध्ये लाइमच्या राष्ट्रीय नोंदी सुरू केल्या तेव्हा वर्षाला १४४ रुग्ण होते. २०१९ मध्ये ते २,६३६ झाले.

न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आहेत आणि इथले आईवडील तिकडे जातात ते नेमके मे ते ऑगस्टमध्ये, म्हणजे निम्फच्या ऐन हंगामात. निम्फ खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावलेली कळत नाही. मात्र लाइमचा जिवाणू अंगात उतरायला साधारण एक दिवसाहून अधिक काळ ती चिकटून राहावी लागते. त्यामुळे बागेतून आल्यावर रात्री काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि केसांच्या मुळाशी नीट पाहिलं तर बराचसा धोका तिथेच टळतो. नातवंडांची ही तपासणी आजी-आजोबांइतकी चिकाटीने दुसरं कोण करणार?

युरोपातही असंच घडलं. चेक प्रजासत्ताकातल्या क्रकोनोशे पर्वतात १९५० च्या दशकात गोचीड सुमारे ७०० मीटर उंचीच्या वर टिकत नसे. मिलान डॅनिएल यांनी या शतकाच्या सुरुवातीला तेच डोंगर पुन्हा पालथे घातले, तेव्हा ती अकराशे मीटरच्या वर आपलं पूर्ण जीवनचक्र चालवत होती. स्वीडनमध्ये ती बोथ्नियाच्या आखाताच्या काठाने उत्तरेकडे सरकली आणि एलिसाबेट लिंडग्रेन यांच्या अभ्यासात हे सरकणं सौम्य झालेल्या हिवाळ्यांशी जुळलं. पण तिथेही एक उपकथानक आहे. कोल्ह्यांमध्ये खरजेची साथ आली, कोल्हे घटले, त्यामुळे छोट्या रो हरणांची पाडसं वाचली आणि हरणं वाढली की गोचिडी वाढणारच. अमेरिकेतल्या मेन आणि न्यू हॅम्पशायर राज्यांत उलट हरणकुळातला अजस्र मूसच बळी जातो आहे. तिथल्या हिवाळी गोचिडीची पिल्लं शरद ऋतूत झुडपांवर मूसची वाट पाहतात आणि पहिल्या बर्फाबरोबर त्यांचा हंगाम संपतो. बर्फ उशिरा पडू लागलं तसा त्यांना जास्त वेळ मिळू लागला. मूसच्या एकेका वासराच्या अंगावर हजारोंनी गोचिडी लागतात आणि रक्त गमावून ती वासरं हिवाळ्याअखेर मरतात.

इतकं सगळं सरळ असतं तर लेख इथेच संपला असता. पण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनिया या बाल्टिक देशांत गोचिडीमुळे होणारा मेंदूज्वर अचानक उसळला. हवामानाकडे बोट दाखवणं सोपं होतं, कारण त्याच सुमाराला वसंत ऋतू उबदार होऊ लागले होते. ऑक्सफर्डच्या सारा रँडॉल्फ आणि डाना शुमिलो यांनी आकडे जिल्हावार तपासले. ऊब सगळीकडे सारखीच वाढली होती, आजार मात्र काही जिल्ह्यांत कितीतरी पटींनी वाढला आणि शेजारच्या जिल्ह्यांत जवळजवळ जैसे थे राहिला. मग फरक कुठे पडला? सोव्हिएत संघ कोसळला, सामूहिक शेतं बंद पडली, पगार थांबले आणि लोक पोटासाठी जंगलात जाऊ लागले. अळंबी आणि रानबेऱ्या गोळा करून विकणं हा कित्येकांचा आधार झाला. पडीक शेतांवर झुडपं माजली, त्यात उंदीर वाढले. गोचिडी होत्याच, आता त्यांच्या वाटेत माणसं आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष परखड होता. या उसळीचं स्पष्टीकरण हवामानबदलातून मिळत नाही.

माझ्या मते या विषयावरचं हे सर्वात महत्त्वाचं संशोधन आहे, आणि सह्याद्रीकडे वळताना ते हाताशी असायला हवं. गोचीड कुठे जगू शकते हे हवामान ठरवतं. माणूस आजारी पडतो की नाही हे बऱ्याच अंशी त्याच्या पोटापाण्याच्या वाटा ठरवतात.

१९५७ च्या मार्चमध्ये कर्नाटकातल्या तेव्हाच्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात वानरं आणि माकडं मरून पडू लागली. पाठोपाठ गावातली माणसं कडक तापाने अंथरुणाला खिळली. पुण्यात तेव्हा पाच वर्षांपूर्वीच विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं होतं. तीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. माकडं मरताहेत हे ऐकून केंद्रातल्या मंडळींच्या पोटात गोळा आला, कारण माकडं मारणारा विषाणू म्हटलं की पीतज्वर आठवतो आणि पीतज्वर आशियात कधीच आलेला नव्हता. टेलफोर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखालचं पथक तिथे गेलं. पीतज्वर निघाला नाही, त्याच कुळातला एक नवाच विषाणू निघाला आणि तो डासांमधून नव्हे तर गोचिडींमधून पसरत होता. आजाराला क्यासनूर जंगलाचं नाव मिळालं. तिकडे त्याला मंगन कायिले म्हणतात, आपल्याकडे माकडताप.

या तापाची मुख्य वाहक हीमाफायसालिस स्पिनिजेरा नावाची गोचीड. तिचं वर्ष पावसाळ्याला बांधलेलं आहे. पावसात प्रौढ गोचिडी गुरांवर आणि रानातल्या मोठ्या जनावरांवर पोट भरतात. पाऊस सरला की पिल्लं बाहेर येतात आणि उंदीर, चिचुंद्र्या, जमिनीवर वावरणारे पक्षी यांच्यावर जगतात. त्यांच्या निम्फ होतात आणि डिसेंबरपासून मेपर्यंत पाचोळ्यात दबा धरून बसतात. माणसाला चावतात त्या याच. म्हणून माकडताप कोरड्या महिन्यांचा आजार आहे, जानेवारी ते एप्रिल हा त्याचा कळस. माकड विषाणूने आजारी पडलं की थोड्या दिवसांत मरतं. मेलेलं माकड गार होऊ लागलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात आणि तो तुकडा धोक्याचा होतो. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही. चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत अचानक ताप भरतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, काहींना रक्तस्राव होतो. काही रुग्णांचा ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो आणि या दुसऱ्या फेरीत मेंदूवर परिणाम दिसतो. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात.

गुरांची भूमिका इथे विलक्षण आहे. गाय विषाणू वाढवत नाही, पण प्रौढ गोचिडीला तिसरं जेवण तीच देते. होर्हे बोशेल हे कोलंबियात पीतज्वरावर काम केलेले संशोधक पुण्याच्या केंद्रात आले होते. १९६९ मध्ये त्यांनी मांडलं की जंगलाच्या कडेला शेती वाढली, गुरं रानात चरू लागली, म्हणून ही गोचीड बेसुमार वाढली आणि जंगलात आधीपासून मुकाट नांदणारा विषाणू उफाळला. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी घनदाट जंगल तोडलं गेलं आणि त्यापाठोपाठ मोठी साथ आली. बोशेल यांचं म्हणणं असं लोकांच्या जिवावर तपासलं गेलं.

अनेक दशकं हा आजार कर्नाटकातल्या पाच जिल्ह्यांपुरता होता. २०१२ नंतर त्याने कुंपण ओलांडलं. बंडीपूर, निलगिरी, वायनाड अशी नावं आली. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात रुग्ण सापडले. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात, पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातल्या बांद्याच्या परिसरात. यातला काही भाग नव्याने पसरण्याचा आहे आणि काही भाग नव्याने दिसण्याचा. याच दशकात पुण्याच्या संस्थेने विषाणूचा अंश थेट ओळखणारी झटपट चाचणी तयार केली होती. त्याआधी डोंगरातला किती माकडताप नुसता ‘ताप’ म्हणून गेला असेल?

गोव्यातले रुग्ण कोण होते हे पाहिलं की बाल्टिकची आठवण होते. त्यांत काजूच्या बागांमध्ये राबणारी माणसं होती. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेली वेचतात. म्हणजे निम्फच्या ऐन हंगामात, वाळलेल्या पानांत, वाकून किंवा उकिडवं बसून, दिवसाचे कित्येक तास. सत्तरी, दोडामार्ग, सावंतवाडी इथली काजूची बाग ही जंगलाला चिकटलेलीच असते. माकडं बोंडं खायला येतात, गुरं त्यातूनच चरायला जातात. भाजावळीसाठी पातेरा गोळा करणं, लाकूडफाटा आणणं, ही कामंही पावसाआधीच्या याच महिन्यांतली. विषाणू, गोचीड, माकड, गाय आणि माणूस एका अंगणात येतात ते असे. ब्रिटन आणि भारतातल्या संशोधकांनी मिळून २०२० च्या सुमाराला कर्नाटकाचे नकाशे तपासले तेव्हाही हेच निघालं. धोका सलग जंगलात कमी आणि जिथे सदाहरित जंगलाचे तुकडे व बागा एकमेकांत मिसळल्या आहेत तिथे जास्त. घराजवळ वाळल्या पानांचे ढीग असणं हाही धोक्याचा घटक ठरला.

मग सह्याद्रीत तापमानवाढीचं काय? इथे उबेची टंचाई कधीच नव्हती. त्यामुळे कॅनडाचं गणित इथे लागू होत नाही. इथे गोचिडीचं घड्याळ पाऊस चालवतो. मान्सून उशिरा परतला, दिवाळीनंतरही सरी आल्या, तर पाचोळा जास्त काळ ओला राहतो आणि पिल्लांना जास्त आठवडे मिळतात. उलट फेब्रुवारीतच उन्हाचा तडाखा बसला तर उघड्यावरच्या निम्फ लवकर सुकतात. पण सावलीतल्या, टणटणीच्या जाळीतल्या आणि बागेच्या कडेच्या पाचोळ्यातल्या तगून राहतात. म्हणजे सरासरी तापमानाचा आकडा इथे फारसं काही सांगत नाही, पावसाचं वेळापत्रक सांगतं. ते वेळापत्रक आता बेभरवशाचं झालं आहे हे कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. त्याने आजाराचा हंगाम मागे-पुढे सरकू शकतो. पण साथ कुठे येणार हे मुख्यतः जमिनीच्या वापरावर ठरतं आणि म्हणून माकडतापाचं खापर हवामानबदलावर फोडून मोकळं होण्याला माझा विरोध आहे. हवामान हे कुणाच्याच अखत्यारीत नसलेलं कारण असल्याने प्रशासनाला ते फार सोयीचं पडतं. मेलेल्या माकडाची खबर किती तासांत पोहोचली, रक्ताचा नमुना किती दिवसांनी तपासला गेला, अंगाला लावायचं प्रतिबंधक तेल हंगामाआधी गावात आलं की हंगामानंतर, हे प्रश्न कुणाच्या तरी अखत्यारीतले आहेत.

लशीची कहाणीही या गैरसोयीच्या प्रश्नांमध्येच मोडते. कोंबडीच्या भ्रूणपेशींवर तयार केलेली लस कर्नाटकात १९९० पासून वापरात होती. एक महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरा आणि मग दरवर्षी एक. दोन डोस घेतलेल्यांना तिचं संरक्षण जेमतेम ६२ टक्के होतं, एका डोसाने काहीच मिळत नव्हतं. सुई दुखते म्हणून पुष्कळजण दुसऱ्या डोसाला येतच नसत. लस पुढे गुणवत्तेच्या कसोटीवर उतरेना आणि २०२२ च्या सुमाराला तिचा वापर थांबला. याउलट ऑस्ट्रियाने १९८१ मध्ये गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या लशीची देशव्यापी मोहीम सुरू केली आणि तिथले रुग्ण झपाट्याने घटले. तिथल्या गोचिडी तेवढ्याच होत्या, हवाही तापतच होती.

आता दुसऱ्या एका गोचिडीकडे, जिच्या बाबतीत उष्णतेचा संबंध अगदी थेट आहे. कुत्र्याच्या अंगावर, कानात आपल्याला दिसते ती तपकिरी गोचीड. तिला जंगल लागत नाही. भिंतीच्या भेगा, कुत्र्याचं घर, पायरीखालची फट पुरते. एरवी तिला कुत्रा सोडून कुणात रस नसतो. २००७ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये असाधारण उकाडा पडला आणि नीम शहराजवळच्या एका घरातली माणसं गोचिडी चावून गंभीर आजारी झाली. मार्सेच्या संशोधकांनी मग प्रयोगशाळेत या गोचिडी तापवून पाहिल्या. तापलेल्या गोचिडी माणसाला चटकन चिकटल्या. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरा बॅकस यांनी एका बाजूला कुत्रा, दुसऱ्या बाजूला माणूस आणि मध्ये नळीत गोचिडी ठेवल्या. सुमारे २३ अंशांना त्या कुत्र्याकडे वळत. ३८ अंशांना त्यांच्यातल्या उष्ण प्रदेशातल्या वंशाच्या गोचिडी माणसाकडे वळण्याचं प्रमाण जवळपास अडीच पटींनी वाढलं. गोचिडींची संख्या तीच, रोगजंतू तेच, फक्त उन्हाने त्यांची निवड बदलली.

विदर्भातला पारा ३८ वर अडत नाही हे सांगायला नको. या गोचिडीतून होणारा ठिपक्यांचा ताप, म्हणजे रिकेट्सिया जंतूंचा एक आजार, विदर्भातल्या बालरोगतज्ज्ञांनी लहान मुलांमध्ये नोंदवलेला आहे. ताप, अंग दुखणं आणि पुरळ, जे तळहात-तळपायांवरही येतं. तो ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या स्वस्त गोळीने दोन-तीन दिवसांत उतार पडतो. ओळखला नाही तर तो डेंगी समजून जातो आणि मूल दगावू शकतं. घरातल्या कुत्र्याच्या गोचिडी ही फक्त कुत्र्याची अडचण मानणं म्हणून परवडणारं नाही.

तिसरी गोचीड हायलोमा. ही पात्यावर बसून वाट पाहत नाही, माग काढत धावत येते, आणि कोरड्या हवेचं तिला वावडं नाही. काँगो ताप पसरवणारी ही. भारतात तो पहिल्यांदा ओळखला गेला २०११ च्या जानेवारीत, गुजरातेत अहमदाबादजवळ, आणि रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही त्यात गेले. निदान पुण्याच्याच संस्थेने केलं. २०१६ मध्ये स्पेनमध्ये या तापाचे स्थानिक रुग्ण सापडले. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात जर्मनीत घोड्यांवर पूर्ण वाढलेल्या हायलोमा आढळल्या. पक्ष्यांबरोबर पिल्लं पूर्वीही जात असणार, पण प्रौढ होण्याइतकी कोरडी ऊब त्यांना तिथे मिळत नव्हती. युरोपचा उत्तर भाग जसा कोरडा-गरम होत जाईल तशी ओल शोधणारी जुनी गोचीड काही ठिकाणी मागे हटेल आणि ही पुढे येईल, असं चित्र दिसतं. एकाच तापमानवाढीत एकीची पीछेहाट आणि दुसरीची आगेकूच.

माकडतापापासून वाचण्यासाठी डिसेंबर ते मे या काळात सिंधुदुर्ग, गोवा किंवा पश्चिम घाटातल्या अन्य भागात रानाच्या कडेला काम करणाऱ्यांनी, आणि हौसेने पदभ्रमणाला जाणाऱ्यांनीही, पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली विजार आणि अंगाला प्रतिबंधक मलम किंवा तेल एवढं करावं. वाळल्या पानांवर बसू-झोपू नये. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, अंग साबणाने घासावं आणि नीट तपासावं. चिकटलेली गोचीड दिसली तर रॉकेल, विडीचा चटका, चुना यांच्या भानगडीत पडू नये. बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढावी, बोटाने चिरडू नये. माकड किंवा वानर मेलेलं दिसलं तर हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. आणि रानातून आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. मी काजू वेचायला गेलो होतो, पातेरा आणला होता, घरच्या कुत्र्याला गोचिडी आहेत, हे आपणहून आधी सांगा. त्याशिवाय योग्य चाचणी लिहून दिली जाण्याची शक्यता फार कमी.